मुक्त पतनातून ‘जी’ मोजताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

सूत्र सोपे आहे: गुरुत्व त्वरण (जी) = २ × उंची ÷ (वेळ)². उंची टेपने मोजायची, वेळ स्टॉपवॉचने, झाले. प्रत्यक्षात मात्र उत्तर ७ येते, ११ येते, आणि मग वहीत ९.८ बसेपर्यंत आकडे सरकवले जातात. विद्यार्थ्याचा यात दोष नाही, पद्धतच चुकीची निवडलेली असते.

दोन मीटरवरून सोडलेली वस्तू ०.६४ सेकंदात जमिनीवर येते. डोळ्याने पाहून बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. सुरुवातीचा आणि शेवटचा उशीर एकमेकांना थोडेफार खाऊन टाकतात असे धरले, तरी ०.१ सेकंदाची गफलत सहज राहते. वेळेचा वर्ग होत असल्याने वेळेतली टक्केवारीची चूक उत्तरात जवळजवळ दुप्पट होते. ०.१ सेकंद जास्त मोजला तर जी ७.३ येतो आणि ०.१ सेकंद कमी मोजला तर १३.७. हाताने चालवलेले स्टॉपवॉच या प्रयोगाच्या कामाचेच नाही.

खाली दिलेली पद्धत मोबाईलच्या मायक्रोफोनवर चालते. नीट केली तर उत्तर एक टक्क्याच्या आसपास येते. पण ती करताना एक गोष्ट पक्की धरा: एकाच उंचीवरून वस्तू शंभर वेळा टाकली तरी पद्धतीतली चूक सापडत नाही. उंची बदलत नेली की तीच चूक स्वतःहून समोर येते. म्हणून पाच उंच्या हव्यातच.

१. काय टाकायचे

मुक्त पतन म्हणजे वस्तूवर फक्त गुरुत्वाकर्षण काम करत असलेले पतन. हवेत ते पूर्णपणे कधीच होत नाही. आपण फक्त हवेचा रोध नगण्य राहील अशी वस्तू निवडू शकतो. नगण्य म्हणजे किती, ते आधी आकड्यांत पाहा. दोन मीटरच्या पतनात हवेमुळे जी साधारण एवढा कमी येतो:

- टेबल टेनिसचा चेंडू (२.७ ग्रॅम, ४० मिमी): सुमारे ८ टक्के. म्हणजे ९.७८ च्या (आपल्याकडचा जी साधारण एवढा असतो) जागी ९.०.
- टेनिसचा चेंडू: सुमारे १ टक्का.
- क्रिकेटचा लेदर चेंडू: सुमारे अर्धा टक्का.
- १६ मिमी व्यासाचा पोलादी छर्रा: सुमारे ०.२ टक्के.

जड वस्तू लवकर पडते हा समज याच यादीतून सुटतो. क्रिकेटचा चेंडू छर्ऱ्याच्या जवळपास दहापट जड आहे, तरी हवा त्याला जास्त अडवते. फरक वजनाने पडत नाही. वजनाच्या तुलनेत वस्तू हवेला किती रुंद तोंड देते, यावर तो ठरतो.

छर्रा सगळ्यांत चांगला, पण पट्टीवर ठेवला की घरंगळतो. म्हणून इथे एम १६ चा षटकोनी नट वापरू, म्हणजे ज्याला २४ चा पाना लागतो तो. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो, पट्टीवर सपाट बसतो आणि फरशीवर पडल्यावर खणखणीत आवाज करतो. हवेचा परिणाम त्याच्यावरही अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहतो.

सावधान: स्टीलच्या पट्टीच्या टोकाला असलेल्या भोकात छर्रा बसवून त्याचे घरंगळणे थांबवण्याचा मोह होतो. तसे करू नका. भोकाची कड छर्ऱ्याला ओढून नेते, कधी वर उडवते, आणि पतन शून्य वेगाने सुरू होत नाही.

२. साहित्य

- एम १६ चे दोन नट (एक हरवतोच)
- ३० सेंमीची स्टीलची पट्टी
- टोला मारायला एखादा मध्यम आकाराचा पाना
- तीन मीटरची स्टीलची टेप
- ओळंबा, नसेल तर दोऱ्याला बांधलेला दुसरा नट
- कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा साधारण फूटभर लांबी-रुंदीचा तुकडा
- भक्कम स्टूल, खुर्ची, टेबल, विटा
- मोबाईल आणि त्यावर फायफॉक्स हे ॲप. जर्मनीतल्या आखेन तंत्र विद्यापीठात तयार झालेले हे ॲप मोफत आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते.

घरची फरशी वाचवण्यासाठी तर कडप्पा हवाच, पण त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. प्रत्येक उंचीला नट त्याच दगडावर पडला, तर आवाजही तसाच येतो आणि ॲपची एकच सेटिंग सगळीकडे चालते. ताट उपडे ठेवून त्यावर नट पाडण्याची पद्धत बरीच दिसते. आवाज मोठा येतो हे खरे. पण ताट मध्ये दबते आणि बराच वेळ झणझणत राहते.

३. सुटण्याची जागा तयार करणे

सोडण्याची जागा एकच ठेवायची आणि पडण्याची जागा वर आणत जायची. उलट केले तर प्रत्येक वेळी सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

(क) साधारण दोन मीटर उंचीची पक्की कड शोधा. लाकडी कपाटाचा माथा किंवा भिंतीतली फळी चालेल. पत्र्याचे कपाट टाळा, टोल्यासरशी ते सगळे घुमते.

(ख) पट्टी कडेवर अशी ठेवा की तिचा ८ ते १० सेंमी भाग बाहेर राहील. आतले टोक मदतनीसाने अंगठ्याने हलके दाबून धरायचे. टोला बसल्यावर पट्टी अंगठ्याभोवती बाजूला फिरली पाहिजे, पण खाली पडता कामा नये. ती पडली तर नटाच्या बरोबरीनेच जमिनीवर पोचते आणि ॲप तिच्याच आवाजावर थांबते.

(ग) नट पट्टीच्या बाहेरच्या टोकाशी सपाट ठेवा. टोक सगळ्यांत वेगाने फिरते, त्यामुळे नटाखालून पट्टी तिथे सगळ्यांत लवकर निघते.

(घ) टोला पट्टीच्या बाहेर आलेल्या भागाच्या मध्यावर, आडवा आणि चपळ मारा. पाना नटाला लागता कामा नये.

पडताळा: पट्टी निघताना नट घर्षणाने किंचित बाजूला ओढला जातो आणि ओळंब्याच्या खुणेपासून दोन-चार सेंमी दूर पडतो. हे चालते. आडव्या वेगामुळे खाली येण्याच्या वेळेत फरक पडत नाही. पण नट दहा-पंधरा सेंमी दूर जात असेल, तर टोला मंद बसतोय, किंवा पट्टी कलंडून नटाला वर-खाली ढकलते आहे. खरा धोका उभ्या धक्क्याचा असतो.

सावधान: दोन मीटरवरून पडणारा नट ताशी २२ किलोमीटरच्या वेगाने आदळतो. पायांत बूट हवेत, आणि लहान मुले कडप्प्याजवळ वाकून बघत नाहीत ना हे पाहा. टोला मारणारा स्टुलावर उभा असेल तर ते स्टूल दुसऱ्याने धरावे.

४. उंची मोजणे

उंची म्हणजे नटाच्या खालच्या पृष्ठापासून कडप्प्याच्या वरच्या पृष्ठापर्यंतचे अंतर. नटाच्या मध्यापासून नाही आणि फरशीपर्यंतही नाही. कडप्पा दोन सेंमी जाड असेल आणि माप फरशीपर्यंत घेतले, तर दोन मीटरला एक टक्का चूक होते आणि अर्ध्या मीटरला चार टक्के.

नट ठेवलेल्या जागी पट्टीच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि तो जिथे टेकतो तिथे कडप्प्याचा मध्य आणा. मग टेप ओळंब्याच्या दोऱ्याला समांतर धरून पट्टीच्या वरच्या पृष्ठापर्यंत माप घ्या, कारण नटाचे खालचे पृष्ठ तिथेच टेकलेले असते. टेप तिरकी धरली तर माप नेहमी जास्तच येते. मापे मिलिमीटरपर्यंत लिहा.

टेपच्या टोकाचा आकडा (हूक) थोडासा पुढे-मागे हलतो. तो बिघाड नाही. आकड्याच्या स्वतःच्या जाडीएवढी ती जागा मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे टेप अडकवून ओढली किंवा टेकवून दाबली तरी शून्य जागेवर राहते. ठोकून घट्ट केलात तर टेप कायमची मिलिमीटरभर चुकेल.

पाच उंच्या साधारण अशा घ्या: २.०, १.६, १.२, ०.८ आणि ०.५ मीटर. कडप्पा आधी जमिनीवर, मग विटांवर, स्टुलावर, टेबलावर, शेवटी टेबलावरच्या खोक्यावर. नेमके हेच आकडे साधायची गरज नाही. मोजलेले खरे आकडे हवेत. नट पडल्यावर टेबल दबते का, हेही हाताने दाबून पाहून घ्या.

५. फोन: जागा आणि सेटिंग

फायफॉक्समध्ये ‘अकूस्टिक स्टॉपवॉच’ उघडा. पहिल्या मोठ्या आवाजाला ते सुरू होते आणि पुढच्या मोठ्या आवाजाला थांबते. आपल्या मांडणीत पहिला आवाज पान्याच्या टोल्याचा, दुसरा नट आदळल्याचा.

फोन कुठे ठेवायचा, हे बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. आवाज सेकंदाला साधारण ३४७ मीटर जातो (२५ ते ३० अंश सेल्सिअसला), म्हणजे दोन मीटर जायला जवळजवळ ६ मिलिसेकंद. फोन जमिनीवर असेल तर टोल्याचा आवाज ६ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आदळण्याचा मात्र लगेच. वेळ कमी मोजला जातो आणि जी जवळपास पावणेदोन टक्के जास्त येतो. फोन वर पट्टीजवळ ठेवला तर तेवढाच कमी येतो.

उपाय सोपा आहे. फोन दोन्ही आवाजांपासून सारख्याच अंतरावर ठेवा, म्हणजे पतनाच्या मध्यउंचीवर. मार्गापासून फूट-दीड फूट बाजूला ठेवला तरी हरकत नाही, अंतरे समानच राहतात. कडप्पा वर आणला की मध्यउंची बदलते, तेव्हा फोनही हलवायचा. हे विसरले जाते, म्हणून वहीत प्रत्येक उंचीसमोर फोनची उंचीही लिहा.

आता दोन सेटिंग. पहिली आवाजाची मर्यादा, म्हणजे ‘थ्रेशोल्ड’. पंखा बंद करा, खिडक्या लावा. बोलण्याने घड्याळ सुरू होणार नाही पण टोल्याने हमखास होईल, अशी मर्यादा करून पाहत ठरवा. दुसरी ‘मिनिमम डिले’, म्हणजे सुरू झाल्यावर किती वेळ कोणताही आवाज मानायचा नाही. ती ०.२ सेकंद ठेवा. टोल्यानंतर पट्टीचा कंप आणि भिंतींचा प्रतिध्वनी याच काळात विरतो. आपले सगळ्यांत छोटे पतन ०.३२ सेकंदाचे असल्याने त्याला धक्का लागत नाही.

पडताळा: नट न ठेवता पट्टीला टोला मारा. घड्याळ सुरू झाले पाहिजे आणि तसेच चालू राहिले पाहिजे. ते ०.२० च्या आसपास थांबत असेल, तर पट्टी अजून वाजते आहे. तिच्या खाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा किंवा मर्यादा वाढवा. ही चाचणी पार झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. टाकण्याचा क्रम

प्रत्येक उंचीला दहा वेळा टाका. क्रम हाच ठेवा:

(१) नट ठेवा, ओळंब्याच्या खुणेवर आहे का पाहा. (२) घड्याळ शून्यावर आणून चालू करा. (३) सगळे शांत. (४) टोला. (५) आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत लगेच लिहा. (६) पट्टी पुन्हा पहिल्या जागी आणा.

एखादी फेरी रद्द करायची असेल तर कारण आकडा पाहण्याआधी ठरलेले असावे: पाना नटाला लागला, पट्टी निसटली, मध्येच कोणी बोलले. आकडा ‘बरोबर वाटत नाही’ हे कारण नाही. नको ते आकडे वगळत गेले की उत्तर आपल्याला हवे तिकडे सरकते आणि मोजण्याला अर्थच उरत नाही. एखाददुसरा भलता आकडा राहिलाच तर त्याची सोय वेगळी आहे: सरासरीऐवजी मध्यक घ्या. दहा आकडे चढत्या क्रमाने लावून पाचव्या आणि सहाव्याच्या मधली किंमत. एका भलत्या आकड्याने मध्यक फारसा हलत नाही.

पडताळा: दहा आकडे एकमेकांपासून पाच-सात मिलिसेकंदांत असावेत. वीस मिलिसेकंदांचा पसारा दिसला तर टोला एकसारखा बसत नाही. दुसऱ्या उंचीकडे जाण्याआधी हात बसवून घ्या.

७. आकडेमोड: इथेच बहुतेकांचे चुकते

नेहमीची सवय अशी: प्रत्येक उंचीसाठी सूत्राने जी काढायचा आणि पाच उत्तरांची सरासरी घ्यायची. ती का सोडायची, हे एका उदाहरणाने पाहू. खरा जी ९.७८ आहे आणि टोल्यानंतर पट्टी नटाखालून निघायला १० मिलिसेकंद लागतात असे धरू. पट्टीचा वेग सेकंदाला दोन मीटर आणि नट अडीच सेंमी रुंद, म्हणजे एवढा उशीर होणारच. मग मोजलेले वेळ आणि त्यावरून सूत्राने आलेला जी असा दिसेल:

- ०.५ मीटर: ०.३३० सेकंद, जी ९.१८
- ०.८ मीटर: ०.४१४ सेकंद, जी ९.३४
- १.२ मीटर: ०.५०५ सेकंद, जी ९.४१
- १.६ मीटर: ०.५८२ सेकंद, जी ९.४५
- २.० मीटर: ०.६५० सेकंद, जी ९.४७

सरासरी ९.३७. चार टक्के कमी, आणि हजार वेळा टाकूनही तेवढीच कमी येणार. कारण उशीर दर वेळी एकाच बाजूने होतो, आणि सरासरीने फक्त दोन्ही बाजूंना पडणाऱ्या चुका कमी होतात.

आता हेच आकडे वेगळ्या रीतीने मांडा. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, आणि त्यात एक ठरावीक उशीर मिळवलेला आहे. म्हणजे आडव्या अक्षावर उंचीचे वर्गमूळ आणि उभ्या अक्षावर वेळ घेतला, तर बिंदू सरळ रेषेवर येतात. रेषेच्या चढावरून जी मिळतो. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, तो असतो उशीर. दोन्ही वेगवेगळे निघतात.

गुगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये तीन स्तंभ करा: उंची, उंचीचे वर्गमूळ, वेळेचा मध्यक. मग ‘स्लोप’ आणि ‘इंटरसेप्ट’ ही सूत्रे लावा. कंसात आधी वेळेचा स्तंभ, नंतर वर्गमुळाचा. वरच्या आकड्यांवर चढ ०.४५२७ येतो आणि छेद ०.००९५. मग

जी = २ ÷ (चढ)² = २ ÷ ०.२०४९ = ९.७६

तेच आकडे, पण ९.३७ च्या जागी ९.७६. शिवाय लपलेला १० मिलिसेकंदांचा उशीरही जवळपास नेमका सापडला.

पडताळा: चढ ०.४५ च्या आसपास हवा. २.२ आला तर स्तंभ उलटे टाकले आहेत. आलेखावर बिंदू डोळ्यांनीही पाहा. एखादा रेषेपासून स्पष्ट बाजूला असेल, तर आधी त्या उंचीचे माप पुन्हा घ्या. बहुतेक वेळा टेप चुकीची वाचलेली असते.

सावधान: स्प्रेडशीटला ‘रेषा शून्यातूनच जाऊ दे’ असे सांगू नका. शून्य उंचीला शून्य वेळ हे तत्त्वात बरोबर आहे, तुमच्या उपकरणात नाही. ती सक्ती केली की उशीर पुन्हा जीमध्ये मिसळतो.

८. कल वाचा

प्रत्येक उंचीचा सुटा जी काढायचाच असेल तर सरासरीसाठी नको, निदानासाठी काढा.

उंचीबरोबर जी वाढत ९.७८ कडे जातो: वेळ जास्त मोजला जातोय. पट्टी मंद निघते. छेद धन येईल.

उंचीबरोबर जी कमी होत वरून ९.७८ कडे येतो: वेळ कमी मोजला जातोय किंवा उंची जास्त लिहिली आहे. कडप्प्याची जाडी विसरलात का ते आधी पाहा, मग कडप्पा वर आणल्यावर फोन आधीच्याच मध्यउंचीवर खाली राहिला का ते.

कमी उंचीला जी ठीक आणि उंची वाढेल तसा ९.७८ च्या खाली घसरतो: हवेचा रोध. नटाने हे सहसा जाणवत नाही. शाळेत हा परिणाम मुद्दाम दाखवायचा असेल, तर नटानंतर टेबल टेनिसचा चेंडू टाका (पडल्याचा आवाज बारीक येतो, मर्यादा कमी करावी लागेल).

सगळ्या उंच्यांना सारख्याच टक्क्यांनी चूक: टेप खराब आहे किंवा दर वेळी तिरकी धरली जाते.

९. व्हिडिओने ताळा घ्यायचा असेल तर

फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचे स्लो मोशन असेल तर दुसऱ्या मार्गाने ताळा घेता येतो. यात वस्तू हाताने सोडली तरी चालते, म्हणून इथे छर्रा वापरा. ट्रॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमगणिक छर्ऱ्याची जागा टिपायची, स्थान आणि वेळ यांच्या आलेखावर दुसऱ्या घाताचा वक्र बसवायचा आणि वेळेच्या वर्गाच्या सहगुणकाची दुप्पट करायची. पहिल्या फ्रेमला वेग शून्य होता असे मानू नका. बोटे नेमकी कधी सुटली ते फ्रेममध्ये दिसत नाही, आणि पूर्ण वक्र बसवला की ते कळायची गरजही राहत नाही.

चुका इथे वेगळ्या होतात.

मोजपट्टी छर्ऱ्याच्या मार्गालगत, कॅमेऱ्यापासून त्याच अंतरावर उभी हवी. कॅमेरा मार्गापासून तीन मीटरवर असेल आणि पट्टी मागच्या भिंतीवर, मार्गाच्या १० सेंमी मागे असेल, तर जी ३.३ टक्के जास्त येतो. कॅमेरा लांब ठेवा, ‘वाइड’ लेन्स वापरू नका आणि फोन स्टँडवर घट्ट बसवा.

फ्रेमदर सॉफ्टवेअरला खरा सांगा. २४० ने घेतलेला व्हिडिओ ३० ने वाजवण्यासाठी साठवलेला असेल आणि सॉफ्टवेअरने ३० धरले, तर वेळ आठपट होतो आणि जी चौसष्टपट कमी, म्हणजे ०.१५ येतो. असा आकडा दिसला की भौतिकशास्त्रात चूक शोधू नका, फ्रेमदर बघा. काही फोन सुरुवात आणि शेवट नेहमीच्या वेगाने दाखवतात, काही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतात. दुसऱ्या फोनवर चालू असलेले स्टॉपवॉच दहा सेकंद चित्रित करा आणि फ्रेम मोजा: २,४०० च्या आसपास हव्यात, आणि लागोपाठच्या फ्रेममध्ये आकडे सारख्या चालीने पुढे जायला हवेत.

उजेड उन्हाचा घ्या. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फ्रेम उजळ-काळोख्या येतात. उजेड कमी पडला की शटर जास्त वेळ उघडे राहते. सेकंदाच्या २५० व्या भागात दोन मीटर पडलेला छर्रा अडीच सेंमीची रेघ होऊन जातो. मग मध्य कुठला धरायचा?

फोनच उशीवर टाकून आतल्या अ‍ॅक्सेलरोमीटरने जी मोजण्याचा प्रयत्नही होतो. तो सेन्सर टेबलावर स्थिर असताना ९.८ दाखवतो आणि पडताना जवळजवळ शून्य. यावरून पडताना गुरुत्वाकर्षण नाहीसे होते असा अर्थ काढू नका. सेन्सरला कळतो तो फक्त आधाराचा रेटा. टेबल फोनला वर रेटत असते म्हणून ९.८, पडताना आधार नाही म्हणून शून्य. गुरुत्वाकर्षण दोन्ही वेळी तेवढेच असते.

१०. उत्तर लिहिणे

उत्तरासोबत अनिश्चितता लिहाच. सोपा मार्ग: पाच बिंदूंपैकी एकेक वगळून चढ पुन्हा काढा आणि जी किती हलतो ते पाहा. वरच्या उदाहरणात ०.५ मीटरचा बिंदू वगळला तर ९.७० येतो, २.० मीटरचा वगळला तर ९.८०. म्हणून ९.७६ ± ०.०५ मी/से² असे लिहायचे.

तुलना कशाशी करायची? पुस्तकातला ९.८ हा सोयीसाठी घेतलेला आकडा आहे. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला जी सुमारे ९.७८० असतो, ध्रुवांवर ९.८३२. मुंबईत तो सुमारे ९.७९ आहे आणि पुण्यात, उंचीमुळे किंचित कमी, सुमारे ९.७८. मुंबई-पुण्यातला हा फरक हजारांशांत आहे. नट-पट्टीच्या प्रयोगात तो दिसणार नाही, आणि कोणी दिसला म्हणत असेल तर त्याची अनिश्चितता विचारा.

शिक्षकांनी गुण देताना ९.८ किती जवळ आला हे पाहू नये. पाचही उंच्यांचे कच्चे आकडे आहेत का, रद्द फेऱ्यांची कारणे लिहिली आहेत का, छेदाची किंमत काय आणि ती कशामुळे आली, हे पाहावे. ९.५ ± ०.३ लिहून कारण सांगणाऱ्या मुलीची वही, नेमका ९.८ लिहून कच्चे आकडे न दाखवणाऱ्या वहीपेक्षा जास्त गुणांची आहे.